पानोपानी तीच मंजू : एआयच्या चित्रांत पात्र एकसारखं कसं ठेवायचं?



आजचा विषय वरवर पाहता छोटा आहे. एआयला सांगून एक चित्र काढून घेणं आता कुणालाही जमतं. पण त्याच मुलीचं दुसरं चित्र काढून घ्यायला जा, तिथे गाडी अडते. पहिल्या पानावरची मुलगी दुसऱ्या पानावर स्वतःच्या मावसबहिणीसारखी दिसते, तिसऱ्या पानावर शेजारच्या घरातली वाटते, आणि आठव्या पानापर्यंत ती इतकी बदलते की तिच्या आईलाही ओळखू येऊ नये. आम्ही काही जण मिळून मुलांसाठी चित्रगोष्टी तयार करतो, त्यामुळे या प्रश्नाशी आमची रोज गाठ पडते. हे का होतं, त्यावर कोणते उपाय आहेत आणि प्रत्येक उपाय कुठपर्यंत पुरतो, ते आज आपण पाहू. पण त्याआधी, हे इतकं मनावर का घ्यायचं, ते बोलू.

गोष्ट तुटते कुठे?

चार-पाच वर्षांच्या मुलाला अक्षरं वाचता येत नसतात. मोठं माणूस शेजारी बसून मजकूर वाचतं आणि मूल चित्र वाचतं. त्याच्यासाठी चित्र हीच गोष्ट. मजकुरात ‘मंजू धावत सुटली’ असं असेल आणि चित्रात भलतीच मुलगी धावत असेल, तर मूल थांबतं. ‘ही कोण?’ असं विचारतं. ‘अरे, मंजूच आहे ती’ असं आपण म्हणतो खरं, पण तेवढ्यात गोष्ट तुटलेली असते. आपण त्याला डोळ्यांवर विश्वास ठेवायला शिकवत असतो आणि त्याच वेळी ‘डोळ्यांनी दिसतं ते धरू नकोस’ असंही सांगत असतो.

आजच्या बोलण्यापुरती आपण एक मुलगी ठरवू. नाव मंजू, वय नऊ. आई-वडील ऊसतोडीला जातात, म्हणजे वर्षातले काही महिने ती बीड जिल्ह्यातल्या आपल्या गावी आणि काही महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्याच्या आसपास, कोपीत. रंगाने काळीसावळी. गोष्ट आठ पानांची: मंजूची शेळी हरवते, मंजू ती शोधून आणते. एवढंच. आता ही आठ पानं आपल्याला एआयच्या मदतीने काढायची आहेत.

यंत्राला मंजू माहीत नसते

जरा यंत्राच्या पोटात डोकावू. चित्रं काढणारी जी मॉडेलं लोकांच्या हाती आली, उदाहरणार्थ ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन, त्यांतली बरीचशी एका सोप्या कल्पनेवर उभी आहेत. जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर मुंग्या यायच्या, आठवतं ना? मॉडेलला शिकवताना चांगल्या चित्रावर अशा मुंग्या सोडतात आणि विचारतात, यातल्या मुंग्या कोणत्या आणि चित्र कोणतं, ते ओळख. असं अगणित वेळा केलं की मॉडेल मुंग्या पुसण्यात तरबेज होतं. मग आपण त्याला नुसत्या मुंग्यांचा पडदा देतो आणि सोबत शब्द देतो: ‘दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची मुलगी’. ते वीस-तीस टप्प्यांत मुंग्या पुसत जातं, आणि पुसताना कोणत्या दिशेला जायचं ते शब्द सांगतात. शेवटी पडद्यावर मुलगी उभी राहते.

यात मंजू कुठे आहे? कुठेच नाही. ‘दोन वेण्या घातलेली नऊ वर्षांची मुलगी’ या वर्णनात बसणाऱ्या मुली लाखो आहेत. आपल्या मनात एक मंजू असते. यंत्र त्या लाखोंच्या गर्दीतली कुणीतरी एक आणून उभी करतं. पुन्हा मागितलं की दुसरी आणतं. मागच्या चित्रातून ते काही शिकत नाही, त्याच्यासाठी प्रत्येक चित्र पहिलंच.

‘पण नाव दिलं की झालं ना?’ असं काही जणांना वाटतं. सूचनेत ‘मंजू’ लिहिलं म्हणून यंत्राला आपली मंजू कळत नाही. जगात खूप फोटो असलेल्या नटनटीचं नाव लिहिलं तर ओळखीचा चेहरा येतो, कारण तो शिकवणीत हजारदा आलेला असतो. आपली मंजू तिथे कधी आलेलीच नाही.

आता सीडबद्दल. सुरुवातीच्या मुंग्या कशा पडाव्यात हे एका आकड्यावरून ठरतं, त्याला सीड म्हणतात. मॉडेल तेच, शब्द तेच, बाकी सेटिंग तीच आणि सीडही तोच ठेवला, तर चित्र साधारण तेच येतं. म्हणून ‘सीड कायम ठेवा, पात्र कायम राहील’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. आपल्याला तेच चित्र नको असतं, तीच मुलगी वेगळ्या चित्रात हवी असते. शब्द बदलले, म्हणजे ‘उभी आहे’च्या जागी ‘धावते आहे’ आलं, की सीड तोच असूनही चेहरा हलतो. सीड चित्राची ठेवण धरून ठेवतो, माणसाची ओळख धरून ठेवत नाही.

‘हे जुनं झालं, आता गप्पा मारत चित्र काढता येतं आणि मागचं चित्र त्याला आठवतं,’ असंही कुणी म्हणेल. बरोबर आहे. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत चित्रांची नवी सोय आली, ऑगस्ट २०२५ मध्ये ‘नॅनो बनाना’ या टोपणनावाने गाजलेलं गूगलचं मॉडेल आलं. त्यांनी हे काम पुष्कळ सोपं केलं, यात शंका नाही. पण ‘आठवतं’ याचा अर्थ इतकाच, की नवं चित्र काढताना जुनं चित्र त्याच्या समोर असतं. ते बघून काढतं. आता झेरॉक्सची झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं तर काय होतं? तेच इथे होतं. पहिल्यावरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं असं करत गेलात तर प्रत्येक टप्प्यावर थोडं काही सुटतं आणि जे सुटलं ते पुढच्याला मिळतच नाही. म्हणून पहिला नियम लिहून ठेवा: प्रत्येक पान मूळ चित्रावरून काढायचं, मागच्या पानावरून नाही.

घसरण कुठल्या दिशेने होते?

पात्र बदलतं, हे झालं. पण ते कसंही बदलतं का? मंजूची आठ पानं एका ओळीत मांडा. पहिल्या पानावर काळीसावळी. चौथ्या पानावर गव्हाळ. सहाव्या पानावर नाक जरा धारदार, केस चोपून बसवलेले. आठव्या पानावर साबणाच्या जाहिरातीतली मुलगी. वयही घसरतं. नऊ वर्षांची मुलगी बघता बघता बारा-तेराची होते. अशी घसरण आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो आणि ती बहुतेक वेळा याच दिशेने असते.

कारण समजायला अवघड नाही. स्टेबल डिफ्यूजन ज्या संग्रहातल्या चित्रांवर शिकलं, त्या लायन-५बीमध्ये सुमारे ५८५ कोटी चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी अशा जोड्या होत्या, सगळ्या इंटरनेटवरून गोळा केलेल्या. तिथे ज्यांचे फोटो जास्त, त्यांच्याकडे यंत्राचा कल जास्त. आपण घट्ट धरलं नाही की ते सगळ्यात जास्त पाहिलेल्या चेहऱ्याकडे सरकतं. २०२३ साली ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या नियतकालिकाने मिडजर्नीकडून वेगवेगळ्या देशांच्या नावाने ३,००० चित्रं काढून घेतली. ‘भारतीय व्यक्ती’ असं सांगितल्यावर जवळपास प्रत्येक वेळी दाढीवाला म्हातारा पुरुष आला. म्हणजे यंत्राच्या डोक्यात प्रत्येक शब्दाचा एक साचा असतो आणि मोकळं सोडलं की ते साच्यात जाऊन बसतं.

आता बघा, मंजूची गोष्ट आपण का निवडली? पुस्तकांत अशी मुलगी फारशी दिसत नाही म्हणून. आणि नेमकी तीच यंत्राच्या हातून पुसली जाते. एखाद्या कोपीतली मुलगी हे पुस्तक उघडेल, पहिल्या पानावर स्वतःसारखी मुलगी बघून हरखेल, आणि शेवटच्या पानावर, शेळी सापडते त्या आनंदाच्या पानावर, ती मुलगी गोरी झालेली असेल. तिला यातून काय कळेल ते आपण सांगायला नको. म्हणून पात्र एकसारखं ठेवणं हा आमच्या मते नुसता सुबकपणाचा प्रश्न नाही. ज्या मुलीची गोष्ट सांगायला निघालो, तिला शेवटपर्यंत गोष्टीत राहू देण्याचा तो प्रश्न आहे.

हेच आजूबाजूच्या वस्तूंचंही होतं. ‘कोपी’ हा शब्द यंत्राला कळत नाही, आणि नुसतं ‘झोपडी’ म्हटलं की समुद्रकिनाऱ्यावरची पर्यटकांची झोपडी येते. कोयत्याची तलवार होते. तिथे शब्द सोडून वर्णन द्यावं लागतं: बांबू आणि पाचटाची, वरून ताडपत्री टाकलेली, वाकून आत शिरावं लागेल इतकी ठेंगणी झोपडी. आणि शक्य असेल तिथे खऱ्या कोपीचा, खऱ्या कोयत्याचा फोटो.

ओळख चेहऱ्यात किती आणि खुणांत किती?

उपायांकडे वळण्याआधी एक प्रश्न. आपण चित्रातलं पात्र ओळखतो ते कशावरून? आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन घ्या. चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, मिशा, टकलाच्या कडेला उरलेले चार केस. दशकानुदशकं तो हजारो व्यंगचित्रांत आला. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळा आहे. शाई नाही, कागद नाही, तरी लांबूनच आपण म्हणतो, अरे, हा तर तोच! विठोबाची मूर्ती घ्या. पंढरपुरातली असो, कॅलेंडरवरची असो, शाळकरी मुलाने पाटीवर काढलेली असो. चेहरा प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. पण विटेवर उभा, दोन्ही हात कमरेवर, म्हटल्यावर ओळखायला क्षणही लागत नाही. आपल्याकडे देवतांचे ध्यानश्लोक असतात, त्यात काय असतं? हात किती, कोणत्या हातात काय, आसन कोणतं, वाहन कोणतं. मूर्तिकार बदलला तरी देव बदलू नये, म्हणून केलेली ती व्यवस्थाच आहे.

अ‍ॅनिमेशनवाल्यांनाही हे करावं लागलं. एका सिनेमासाठी शेकडो हात चित्रं काढणार आणि पात्र मात्र एकच दिसायला हवं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डिस्नेच्या स्टुडिओत जो ग्रँट यांच्या हाताखाली पात्रांचे नमुने ठरवणारा वेगळा विभागच होता. तिथे मॉडेल शीट तयार व्हायची: पात्र समोरून, बाजूने, मागून, हसताना, रडताना. १९४० च्या ‘पिनोकिओ’साठी तर पात्रांचे छोटे पुतळे करून चित्रकारांसमोर ठेवले होते. विसराळू हातांना आठवण बाहेरून पुरवायची, ही त्यामागची युक्ती. आपल्या यंत्राला तर आठवण मुळातच नाही. म्हणजे त्याला ही युक्ती दुप्पट लागू.

पात्राचा तक्ता

म्हणून आम्ही एआय उघडण्याआधी कागद घेतो. एक पान, तीन रकाने: कायम काय, बदलू शकतं काय, आणि कधीच चालणार नाही असं काय.

मंजूचा ‘कायम’चा रकाना असा भरू. उंची सहा डोकी. चित्रकलेच्या वर्गात शिकवतात ते आठवा, प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच काढतात, नऊ-दहा वर्षांचं मूल सहाच्या आसपास. हा आकडा लिहिला की वय घसरलेलं पट्टीने मोजता येतं. अंगाचा रंग: ‘सावळी’ हा शब्द नको, रंगाचा प्रत्यक्ष ठिपका आणि त्याचा क्रमांक. आणि एक नाही, तीन ठिपके: उन्हातला, सावलीतला, रात्री चुलीच्या उजेडातला. कारण उजेड बदलला की रंग बदलणारच, पण किती बदलावा हे आपण ठरवलेलं असावं. केस: दोन वेण्या, लाल रिबिनींनी वर दुमडून कानामागे बांधलेल्या. कपडे: फ्रॉकवरून वडिलांचा जुना पिवळा शर्ट, ढगळ, गुडघ्यापर्यंत येणारा, बाह्या दुमडलेल्या.

हा शर्ट आम्ही मुद्दाम निवडला. ऊसतोडीला बायका साडीवर पुरुषी शर्ट घालतात, पानांनी हात कापू नयेत म्हणून. म्हणजे तो त्या जगातलाच आहे. शिवाय तो मोठा आहे. खूण मोठी असावी, यामागे हिशेब आहे. स्टेबल डिफ्यूजनच्या पहिल्या आवृत्त्यांत चित्र ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं असायचं, पण यंत्र आतून ६४ बाय ६४ घरांच्या आवळलेल्या नकाशावर काम करायचं. म्हणजे एका घरात आठ बाय आठ ठिपके. लांबून धावणाऱ्या मंजूचा चेहरा समजा चाळीस ठिपके रुंद आहे. म्हणजे रुंदीत फक्त पाच घरं! त्या पाच घरांत डोळे, नाक, तोंड बसवायचं. तिथे भुवईवरचा व्रण किंवा गालावरचा तीळ कसा टिकणार? नवी मॉडेलं मोठी चित्रं काढतात, तरी तत्त्व तेच: जे लहान ते आधी हरवतं. म्हणून पात्राची ओळख तिळावर टांगू नका. पिवळा ढगळ शर्ट आणि कानामागची दोन वळी नुसत्या सावलीतही ओळखू येतात.

‘बदलू शकतं’मध्ये भाव, हालचाल, पायात चप्पल असणं-नसणं, शर्टावरचा चिखल. ‘कधीच नाही’मध्ये गोरेपण, काजळ, दागिने, मोठ्या बाईसारखी ठेवण. आणि डावं-उजवं लिहिताना ‘मंजूचं डावं’ असं लिहा. बघणाऱ्याचं डावं वेगळं असतं, आणि यंत्र या बाबतीत फार गोंधळतं.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

तक्ता झाला की साधनं. ती आम्ही चढत्या क्रमाने वापरतो.

पहिलं साधन, शब्द. मंजूचं वर्णन एकदाच लिहायचं आणि प्रत्येक पानाच्या सूचनेत तेच्या तेच चिकटवायचं. एका पानावर ‘ढगळ शर्ट’ आणि दुसऱ्यावर ‘मोठा सदरा’ असं नको. आपल्याला अर्थ एकच वाटतो, यंत्राला दोन दिशा मिळतात. वर्णन आटोपशीर हवं. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शब्द वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकड्यांपलीकडचं वाचतच नसे. पानभर वर्णन लिहिलं तर शेवटचं सगळं वाया. मर्यादा अर्थात हीच, की शब्दांनी गर्दी कमी होते, एकच माणूस उरत नाही.

दुसरं साधन, संदर्भचित्र. मंजूचं पक्कं केलेलं चित्र सूचनेसोबत द्यायचं. खुल्या मॉडेलांसाठी २०२३ मध्ये आयपी-अ‍ॅडॉप्टर आलं, मिडजर्नीत मार्च २०२४ मध्ये ‘कॅरेक्टर रेफरन्स’ आणि मे २०२५ मध्ये ‘ओम्नी रेफरन्स’. गप्पा मारणाऱ्या साधनांत तर चित्र जोडलं की काम होतं. इथे एकाऐवजी तीन-चार चित्रं द्या: समोरून, बाजूने, मागून, पूर्ण उंचीचं. समोरचं एकच चित्र दिलं तर मंजूची पाठ यंत्र मनानेच ठरवतं.

तिसरं साधन, शिकवणी. मॉडेललाच मंजू शिकवायची. २०२२ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ड्रीमबूथ पद्धतीत तीन-पाच चित्रांतून एखादी व्यक्ती किंवा वस्तू मॉडेलच्या गळी उतरवता येते. हल्ली जास्त चालतं ते लोरा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ते भाषेच्या मॉडेलांसाठी काढलं, नंतर चित्रांसाठी वापरात आलं. कल्पना छान आहे. मोठी पोथी आहे, तिचा मजकूर बदलायचा नाही, फक्त समासात टिपणं करायची. ती टिपणं म्हणजे लोराची छोटी फाइल. मूळ मॉडेल काही जीबींचं, टिपणं काही एमबींची. पोथीबरोबर टिपणं लावली की मंजू येते, काढली की जाते.

पण शिकवणीला चित्रं कोणती द्यायची, यात सगळं आहे. वीस चित्रं दिली आणि वीसही चित्रांत मंजू समोर बघून हसते आहे, तर यंत्र शिकतं की हसणं हा मंजूच्या चेहऱ्याचाच भाग आहे. मग तिला रडवता येत नाही. आणि शेळी हरवल्यावर रडायचं तर आहे! म्हणून जे कायम तेच चित्रांत समान ठेवा, बाकी सगळं मुद्दाम बदला: उजेड, कोन, भाव, मागचा देखावा. प्रत्येक चित्राखाली ओळ लिहिताना जे बदलतं त्याचा उल्लेख करा: ‘रडते आहे’, ‘रात्र’, ‘बसलेली’. जे शब्दांत सांगितलं ते यंत्र बाजूला काढतं आणि जे न सांगता प्रत्येक चित्रात आलं ते मंजूच्या नावावर जमा करतं.

चौथं साधन, ठेवणीवर ताबा. २०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेटसारख्या पद्धतीत आपण काडीमाणसाची आकृती किंवा साधं रेखाटन देतो आणि यंत्र त्या ठेवणीत चित्र भरतं. मंजू कशी धावते ते आपण काढायचं. सहा डोक्यांची उंची इथे पाळता येते, म्हणून वय टिकवायला याचा फार उपयोग होतो.

एका चित्रात दोन पात्रं आली की मात्र सगळीच साधनं डळमळतात. मंजूच्या लाल रिबिनी धाकट्या भावाच्या सदऱ्यावर उतरतात, भावाचा चेहरा मंजूला लागतो. रंग एका पात्रावरून दुसऱ्यावर ओघळतात म्हणा ना. त्यावर आमचा मार्ग जुनाच आहे: दोघांना वेगवेगळं काढायचं आणि नंतर एका चित्रात बसवायचं. आणि शेवटचं साधन आपला हात. रिबिनीचा रंग चुकला तर पन्नास वेळा नवं चित्र मागण्यापेक्षा ब्रशने रंग बदलणं दोन मिनिटांचं काम आहे. चित्रातली मराठी अक्षरंही आम्ही नंतर स्वतः टाकतो, जोडाक्षरांच्या बाबतीत यंत्राचा भरवसा नाही.

तपासायचं कसं?

एकेक पान सुटं पाहिलं की प्रत्येक पान छान वाटतं, तिथेच फसगत होते. आठही पानं बोटाएवढी करून एका ओळीत लावा. इतक्या लहान आकारात मंजू प्रत्येक पानावर चटकन सापडते का? मग पहिलं आणि आठवं पान शेजारी ठेवा, मधली सहा झाका. घसरण हळूहळू झालेली असते, ती क्रमाने पाहताना कळत नाही, दोन टोकं जोडली की कळते. तिसरी तपासणी ठिपक्यांची: तक्त्यातला रंग आणि प्रत्येक पानावरचा गालाचा रंग शेजारी ठेवून पाहायचा. आणि चौथी, गोष्ट माहीत नसलेल्या लहान मुलापुढे चित्रं ठेवून इतकंच म्हणायचं, ‘मंजू कुठंय, दाखव बरं.’ मुलं भीड ठेवत नाहीत.

खऱ्या मुलांचे चेहरे

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. शिकवणीला चित्रं लागतात म्हटल्यावर सोपा मार्ग सुचतो: वर्गातल्या एखाद्या गोड मुलीचे वीस फोटो घ्या, झालं. आम्ही हे करत नाही आणि तुम्हीही करू नका. लोराची ती फाइल म्हणजे त्या मुलीचा चेहरा कुठल्याही चित्रात, कुठल्याही प्रसंगात बसवण्याची किल्ली आहे. ती फाइल कुणाच्या हाती जाईल ते आपल्या हातात राहत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, नऊ वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार आणि तिने ‘हो’ म्हटलं तरी ते कशाला? मंजू कल्पनेतलीच असू द्या. तिचं मूळ चित्र माणसाने काढलेलं असू द्या.

यात व्यवहारही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ‘झारिया ऑफ द डॉन’ या चित्रकथेबद्दल निर्णय दिला. तिची चित्रं मिडजर्नीने काढली होती. कार्यालयाने लेखिकेचा मजकूर आणि चित्रं-मजकूर यांची मांडणी यांना संरक्षण दिलं, सुट्या चित्रांना दिलं नाही. म्हणजे माणसाच्या हाताचं जे काही आहे, त्याचं मोल तिथेही मोजलं गेलं.

श्रोत्यांचे प्रश्न

*एवढा खटाटोप करण्यापेक्षा चित्रकाराकडूनच चित्रं का काढून घेऊ नयेत?*

घ्यावीत! परवडत असेल तर जरूर घ्यावीत. चित्रकार मंजूला एकदा ओळखतो आणि मग ती त्याच्या हातात राहते, हे कुठल्याही यंत्राला जमत नाही. आम्ही जिथे आठ पानांचे पैसे देऊ शकत नाही, तिथे निदान तक्त्याची चार-पाच चित्रं चित्रकाराकडून घेतो, त्यावरून एआयने पुढची चित्रं काढणार हे आधी सांगून, त्यांच्या होकाराने, आणि त्याचे वेगळे पैसे देऊन. पुस्तकावर नावही त्यांचं.

*वर्षभरात असं साधन येईल की हे सगळं आपोआप होईल. मग आज शिकायचं कशाला?*

साधनं सुधारतीलच. २०२२ मध्ये ज्याला दिवस लागायचा ते आज मिनिटांत होतं. उद्या कदाचित एकदा दाखवलेली मुलगी यंत्र हजार चित्रांत जशीच्या तशी ठेवेल. पण कोणती मुलगी, हा प्रश्न तेव्हाही आपल्यालाच विचारला जाईल. तिची उंची किती, तिचा रंग उन्हात कसा दिसतो, ती वडिलांचा शर्ट का घालते, रडताना तोंड झाकते की नाही, हे ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी यंत्र एक सरासरी मुलगी हजार वेळा अगदी एकसारखी काढून देईल. तेव्हा घरी गेल्यावर आधी संगणक उघडू नका. एक कागद घ्या, तीन रकाने आखा, आणि तुमच्या पात्राबद्दल पहिला रकाना भरून पाहा. तो भरला, तर बरंचसं काम झालं म्हणून समजा.